रेझोल्यूट बे ते ग्रीस फियॉर्ड : आर्क्टिकमधल्या दोन विमानतळांमधले अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

कॅनडाच्या नुनावुत प्रांतात, उत्तर ध्रुववृत्ताच्याही बरेच वर, रेझोल्यूट बे आणि ग्रीस फियॉर्ड अशी दोन गावे आहेत. २०२१ च्या जनगणनेत पहिल्याची लोकसंख्या १८३ भरली, दुसऱ्याची १४४. रेझोल्यूटला १९४७ मध्ये हवामान केंद्र आले आणि पाठोपाठ धावपट्टीही. १९५३ आणि १९५५ मध्ये कॅनडा सरकारने उत्तर क्वेबेकमधल्या इनुकजुआकहून आणि बॅफिन बेटावरच्या पाँड इनलेटहून इनुइट, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांची, कुटुंबे उचलून या दोन ठिकाणी वसवली. सरकारने त्याबद्दल २०१० मध्ये जाहीर माफी मागितली. या वस्त्यांना जोडणारा रस्ता नाही. जहाज येते ते फक्त उन्हाळ्याच्या शेवटी, बर्फ सुटल्यावर. बाकी वर्षभर ग्रीस फियॉर्डचा बाहेरच्या जगाशी प्रवासी संबंध राहतो तो रेझोल्यूटहून येणाऱ्या छोट्या विमानामुळे.

इंटरनेटवरच्या एखाद्या अंतर-गणकात ही दोन नावे टाकली तर अंतर बरोबर येते, वेळ मात्र हमखास चुकीचा येतो. बरेचसे गणक ताशी ८००-९०० किमी वेग आणि वर अर्धा तास असा हिशेब करतात, म्हणून या मार्गाला ते तासाभराच्या आत संपवतात. प्रत्यक्षात ग्रीस फियॉर्डला जेट उतरूच शकत नाही. अंतर हे गणित आहे आणि ते दहा मिनिटांत सुटते. वेळ मात्र धावपट्टीची लांबी, वारा, परतीचे इंधन आणि हवामान मिळून ठरवतात. हे सगळे क्रमाने कसे मांडायचे ते पुढे दिले आहे. भूगोलाचे विद्यार्थी, फ्लाइट सिम्युलेटर वापरणारे आणि खरोखर तिकडे जाण्याचा बेत करणारे, तिघांनाही ही रीत चालेल. प्रत्यक्ष उड्डाणासाठी मात्र विमान कंपनीची आणि त्या दिवशीची अधिकृत माहितीच ग्राह्य धरावी.

पायरी १ : अक्षांश-रेखांश नीट उतरवून घेणे

पुष्कळ चुका इथेच होतात. विमानतळांचे स्थान बहुतेक ठिकाणी अंश-मिनिटे-सेकंदांत छापलेले असते, तर सूत्राला दशांश अंश लागतात.

रेझोल्यूट बे : ७४°४३′०१″ उत्तर, ९४°५८′१०″ पश्चिम. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवले की ७४.७१६९ आणि ९४.९६९४.

ग्रीस फियॉर्ड : ७६°२५′३४″ उत्तर, ८२°५४′३३″ पश्चिम, म्हणजे ७६.४२६१ आणि ८२.९०९२.

७४°४३′०१″ हा आकडा घाईत ७४.४३०१ असा लिहिला, तर विमानतळ जागेवरून ३२ किमी दक्षिणेला, समुद्रात जातो. उत्तर तरीही ‘बऱ्यापैकी’ दिसते, त्यामुळे चूक लवकर पकडली जात नाही. दुसरी खबरदारी चिन्हाची. पश्चिम रेखांश उणे लिहायचे, आणि दोन्हीकडे उणे लिहायचे. एकाच ठिकाणी विसरलात तर दुसरा विमानतळ पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला सैबेरियाकडे जातो आणि अंतर ३,२०० किमीच्या आसपास येते. ही चूक निदान डोळ्यांत भरते तरी.

गावाचे अक्षांश-रेखांश आणि विमानतळाचे अक्षांश-रेखांश यांतही गफलत करू नका. रेझोल्यूटचा विमानतळ गावापासून काही किलोमीटर दूर आहे. ग्रीस फियॉर्डची धावपट्टी मात्र वस्तीला अगदी लागून आहे.

पायरी २ : अंतर

रेखावृत्ते संत्र्याच्या फोडींसारखी ध्रुवाकडे निमुळती होत जातात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश १११ किमीचा असतो आणि मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १०५ किमीचा. रेझोल्यूटच्या अक्षांशावर तो २९ किमी उरतो, ग्रीस फियॉर्डच्या अक्षांशावर २६. अक्षांशाचा एक अंश मात्र सगळीकडे जवळपास १११ किमीच राहतो.

आपल्या दोन विमानतळांत अक्षांशाचा फरक १.७०९२ अंश आहे आणि रेखांशाचा १२.०६०२ अंश. हे विसरून दोन्ही फरकांना १११ ने गुणले आणि पायथागोरस लावला, तर अंतर १,३५० किमीच्या वर जाते, म्हणजे खऱ्याच्या साडेतीनपट. भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर पट्टी ठेवून मोजणाऱ्याची फसगतही याच कारणाने होते. तो नकाशा उत्तरेकडे जाताना सगळेच ताणत नेतो, ७५ अंशांवर तर जवळजवळ चौपट.

बरोबर पद्धत हॅव्हरसाइन सूत्राची.

क = साइन²(अक्षांश-फरक ÷ २) + कोसाइन(पहिला अक्षांश) × कोसाइन(दुसरा अक्षांश) × साइन²(रेखांश-फरक ÷ २)

अंतर = २ × ६,३७१ × आर्कसाइन(√क)

आकडे घालू. पहिले पद ०.०००२२२५. दुसरे पद ०.२६३६ × ०.२३४७ × ०.०११०४, म्हणजे ०.०००६८२७. बेरीज ०.०००९०५२, तिचे वर्गमूळ ०.०३००९. उत्तर ३८३.४ किमी.

स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर आधी सगळे कोन रेडियनमध्ये बदला. एक्सेलचे साइन-कोसाइन अंश समजत नाहीत. ते तक्रार करत नाहीत, निमूट चुकीचे उत्तर देतात. कॅल्क्युलेटरवर याच्या उलट काळजी घ्यायची : तो अंशांवर लावलेला आहे ना, हे साइन ३० चे उत्तर ०.५ येते का ते पाहून खात्री करा. आर्कसाइनचे उत्तर मात्र रेडियनमध्येच हवे. ते अंशांत आले असेल तर ५७.३ ने भागा.

६,३७१ किमी ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने तिथल्या पृष्ठभागाची वक्रता थोडी कमी असते, म्हणजे वक्रतेची त्रिज्या मोठी, ६,३९६ किमीच्या आसपास. तिने गुणले की ३८५ किमी मिळतात. जीपीएस साधारण हेच अंतर दाखवेल. दीड किलोमीटरचा हा फरक विमानाला वीस सेकंदांचा. तो जाणून असावा, त्यावरून वाद घालू नये. पुढच्या हिशेबात ३८५ किमी, म्हणजेच २०८ नॉटिकल मैल धरले आहेत.

सूत्र जवळ नसेल तर हाताने करायची एक सोपी रीत आहे. दोन्ही अक्षांशांची सरासरी घ्या : ७५.५७. तिचा कोसाइन ०.२४९२. रेखांशाचा फरक १२.०६ × १११.२ × ०.२४९२ = ३३४ किमी. अक्षांशाचा फरक १.७०९ × १११.२ = १९० किमी. या दोहोंना पायथागोरस लावला की ३८४. चार-पाचशे किलोमीटरपर्यंत ही रीत बिनधास्त वापरा.

लांबच्या मार्गावर ती कामाची नाही. रेझोल्यूटहून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरबिएनला जायचे तर याच रीतीने सुमारे २,९०० किमी येतात. पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग, म्हणजे बृहद्वृत्त, मात्र २,४७० किमीचे आहे. तो मार्ग ८२ अंश उत्तरेच्याही वर चढून पलीकडे उतरतो. सव्वाचारशे किलोमीटरची बचत केवळ ध्रुवाजवळून गेल्यामुळे होते. अर्थात या मार्गावर नियमित प्रवासी विमान नाही. तिकिटाने जायचे तर आधी दक्षिणेला कॅनडाच्या मोठ्या शहरांत उतरायचे, अटलांटिक ओलांडायचा आणि नॉर्वेतून पुन्हा वर चढायचे. नकाशावरचे अंतर आणि प्रवासाचे अंतर यांचा आर्क्टिकमध्ये असा फार थोडा संबंध उरतो.

पायरी ३ : दिशा

दिशेवर जरा थांबायला हवे, कारण दक्षिणेकडच्या सवयी इथे उपयोगी पडत नाहीत.

रेझोल्यूटहून निघताना ग्रीस फियॉर्डची दिशा खऱ्या उत्तरेपासून ५४.६ अंश येते. पोहोचताना त्याच सरळ मार्गाची दिशा ६६.३ अंश झालेली असते. विमान कुठेही वळलेले नाही, वळली आहेत ती खालची रेखावृत्ते. १२ अंश रेखांश ओलांडताना दिशा जवळपास १२ अंशांनी बदलते, कारण रेखांशाच्या फरकाला सरासरी अक्षांशाच्या साइनने गुणायचे आणि ७५ अंशांवर तो साइन ०.९७ असतो. मुंबईच्या अक्षांशावर हाच बदल चार अंशांचा झाला असता.

निघतानाची ५४.६ अंशांची दिशा शेवटपर्यंत तशीच धरून ठेवली, तर ३८५ किमीनंतर विमान ग्रीस फियॉर्डपासून सुमारे ३९ किमी वायव्येला, एल्समेअर बेटाच्या हिमनद्यांवर असेल. एकच दिशा धरायची असेल तर मधली ६०.४ अंश घ्यावी. जीपीएस असलेले विमान दिशा आपोआप बदलत नेते. पण कागदावर योजना करणाऱ्याने मार्गाचे निदान तीन तुकडे करून प्रत्येकाची दिशा वेगळी काढावी.

सूत्र असे : वाय = साइन(रेखांश-फरक) × कोसाइन(दुसरा अक्षांश). एक्स = कोसाइन(पहिला) × साइन(दुसरा) − साइन(पहिला) × कोसाइन(दुसरा) × कोसाइन(रेखांश-फरक). आपल्या मार्गाला वाय ०.०४९०४ आणि एक्स ०.०३४८२ येतो. वाय भागिले एक्सचा आर्कटॅन घेतला की ५४.६ अंश. एक्सेलच्या दोन-आकडी आर्कटॅनला आधी एक्स आणि मग वाय द्यावा लागतो, बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत याच्या उलट. ही अदलाबदल झाली तर उत्तर ३५.४ येते आणि तेही पटण्यासारखे वाटते. म्हणून नकाशावर डोळ्यांनी एकदा ताडून पाहावे.

होकायंत्र इथे निरुपयोगी आहे. १९९४ मध्ये चुंबकीय उत्तर ध्रुव रेझोल्यूटच्याच टापूत, एलेफ रिंगनेस बेटावर नोंदवला गेला होता. तेव्हापासून तो सैबेरियाच्या दिशेने बराच सरकला आहे, तरी या भागात पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा आडवा घटक फार क्षीण आहे. सुईला ओढण्याइतका जोर त्यात नसतो. म्हणून कॅनडाने उत्तरेकडच्या हवाई क्षेत्रात सगळ्या दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजायचे ठरवले आहे. रेझोल्यूटच्या धावपट्टीच्या क्रमांकापुढे जे ‘टी’ अक्षर लागते ते हेच सांगते. वैमानिक जायरोस्कोपवर, म्हणजे वेगाने फिरत दिशा टिकवून धरणाऱ्या चकतीच्या यंत्रावर, दिशा धरतात आणि तो जायरो जीपीएसशी किंवा सूर्य-ताऱ्यांशी पुन:पुन्हा जुळवून घेतात, कारण जायरो सरकत राहतो.

हे काटेकोरपणे पाळणे किती गरजेचे आहे ते २० ऑगस्ट २०११ ला दिसले. रेझोल्यूटला उतरणारे बोईंग ७३७ धावपट्टीच्या पूर्वेला सुमारे एक नॉटिकल मैलावरच्या टेकडीवर आदळले. १५ जणांपैकी १२ जण गेले. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने शोधलेल्या कारणांच्या साखळीत एक दुवा होता तो विमानाच्या दिशादर्शकातल्या १७ अंशांपर्यंतच्या चुकीचा.

पायरी ४ : विमान कोणते, हे धावपट्टीला विचारा

रेझोल्यूटची धावपट्टी खडीची असली तरी ६,५०४ फूट, म्हणजे १,९८२ मीटर लांब आहे. तिथे मोठी विमाने उतरतात. ग्रीस फियॉर्डची धावपट्टीही खडीची, पण फक्त १,६७५ फूट, म्हणजे ५११ मीटर. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला जोन्स साउंडचे पाणी. लांबी वाढवायला जागा नाही.

अर्ध्या किलोमीटरच्या खडीवर, बर्फ असताना, आडव्या वाऱ्यात उतरू शकणारी प्रवासी विमाने मोजकीच. त्यांतले डी हॅविलँड ट्विन ऑटर हे या भागाचे वाहन आहे. केन बोरेक एअर ही कंपनी याच विमानाने या मार्गावर सेवा देत आली आहे. दोन टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारी) इंजिने, १९ पर्यंत आसने, उड्डाणावेळचे कमाल वजन ५,६७० किलो, आणि धीमा पण भरवशाचा वेग : साधारण १५० नॉट, ताशी २७८ किमी. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने ते सहसा १०,००० फुटांपर्यंतच उडते. म्हणजे जेटसारखे हवामानाच्या वर निघून जाणे नाही, ढगांत आणि वाऱ्यात राहूनच जायचे.

पायरी ५ : हवेतला वेळ आणि वारा

वारा नसेल तर २०८ ÷ १५० = १.३९ तास, म्हणजे ८३ मिनिटे. पण वारा नसलेला दिवस तिथे क्वचितच मिळतो.

समजा वर ३०० अंशांकडून ३० नॉटचा वारा आहे. आपला सरासरी मार्ग ६० अंशांचा. वाऱ्याची दिशा आणि मार्ग यांच्यातला कोन २४० अंश. ३० × कोसाइन २४० = −१५, म्हणजे १५ नॉट मागून ढकलणारे. ३० × साइन २४० घेतले की २६ नॉट आडवे, डावीकडून. आडव्या वाऱ्याला तोंड द्यायला विमानाचे नाक १० अंश डावीकडे ठेवावे लागते, त्यात पुढे जाण्याचा वेग १५० वरून १४८ होतो. त्यात १५ मिळवले की ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग, १६३ नॉट. वेळ ७७ मिनिटे.

परतताना तेच १५ नॉट समोरून. ग्राउंड स्पीड १३३, वेळ ९४ मिनिटे.

जाताना मिळालेली मदत आणि येताना झालेला अडथळा एकमेकांना काटतील असे वाटते, पण तसे होत नाही. वारा नसताना फेरी १६६ मिनिटांची होती, इथे १७१ झाली. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा मोठा. वारा थेट मार्गावरच ५० नॉटचा असेल तर एक बाजू १२५ मिनिटांची, दुसरी ६२ ची, फेरी १८७ मिनिटांची. वाढलेल्या २१ मिनिटांत सुमारे ९५ किलो इंधन जाते, म्हणजे जवळजवळ एका प्रवाशाचे वजन.

याच आकड्यांतून बरोबरीचा बिंदूही काढून ठेवावा. पुढे जायला आणि मागे फिरायला सारखाच वेळ लागेल अशी ही जागा. अंतर × परतीचा वेग ÷ दोन्ही वेगांची बेरीज : २०८ × १३३ ÷ २९६ = ९३ नॉटिकल मैल. मागून वारा असल्याने हा बिंदू निम्म्या वाटेच्या अलीकडे, रेझोल्यूटच्या बाजूला सरकला आहे. कुणाला विमानात त्रास झाला आणि तोवर ९३ मैल ओलांडलेले असतील, तर परतण्यापेक्षा पुढे जाणे लवकरचे. नवशिके वाऱ्याकडे न पाहता निम्मे अंतर, म्हणजे १०४ मैल, धरून बसतात.

पायरी ६ : दारापासून दारापर्यंतचा वेळ

हवेतल्या ७७ किंवा ८३ मिनिटांत जमिनीवरचे आणि चढ-उताराचे मिनिट मिळवायचे. इंजिन सुरू झाल्यापासून धावपट्टीच्या टोकापर्यंत पाच मिनिटे, चढताना मंद वेगामुळे आणखी चार-पाच, ग्रीस फियॉर्डला डोंगरांच्या बाजूने वळसा घेऊन धावपट्टी नीट पाहून उतरण्यासाठी सहा-सात. एकूण १७ मिनिटे धरली तर वारा नसताना १ तास ४० मिनिटे, आपल्या उदाहरणातल्या वाऱ्यात १ तास ३४ मिनिटे.

आता घड्याळ. रेझोल्यूट मध्य प्रमाणवेळ पाळते, ग्रीस फियॉर्ड पूर्व प्रमाणवेळ. दोहोंत एक तासाचा फरक. रेझोल्यूटहून सकाळी १० ला निघालेले विमान १ तास ४० मिनिटांनी उतरते तेव्हा ग्रीस फियॉर्डच्या घड्याळात १२ वाजून ४० मिनिटे झालेली असतात. दुपारी दीडला परत निघाले आणि समोरच्या वाऱ्यामुळे १ तास ५१ मिनिटे लागली, तरी रेझोल्यूटच्या घड्याळात २ वाजून २१ मिनिटेच होतात. वेळापत्रकातल्या दोन वेळांची नुसती वजाबाकी केली तर जाताना अडीच-पावणेतीन तास आणि येताना तासाभराच्या आत असा विचित्र निष्कर्ष निघतो. वेळापत्रके नेहमी त्या-त्या गावच्या वेळेत छापलेली असतात. दोन्ही गावे उन्हाळी वेळही पाळतात, त्यामुळे हा एक तासाचा फरक वर्षभर टिकतो. भारतातून मोजायचे तर हिवाळ्यात रेझोल्यूट साडेअकरा तास मागे असते आणि ग्रीस फियॉर्ड साडेदहा.

पायरी ७ : इंधन, आणि म्हणून किती माणसे

ग्रीस फियॉर्डला उतरता आले नाही तर जायचे कुठे? हा प्रश्न वेळेच्या गणिताइतकाच महत्त्वाचा आहे. जवळचे पर्याय मोजून पाहा : मागे रेझोल्यूट ३८५ किमी, दक्षिणेला आर्क्टिक बे सुमारे ३८५ किमी, उत्तरेला युरेका हवामान केंद्र सुमारे ४०० किमी. तिन्ही दिशांना जवळपास सारखेच लांब. म्हणजे पर्याय कोणताही निवडा, निघतानाच दुप्पट अंतराचे इंधन सोबत हवे.

आपल्या वाऱ्याच्या उदाहरणात जाण्याची ९४ मिनिटे, परत फिरून उतरायची सुमारे १०४, आणि उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या प्रोपेलर विमानासाठी कॅनडाच्या नियमाने ४५ मिनिटांचे राखीव. बेरीज २४३ मिनिटे. ट्विन ऑटरला ताशी २७० किलो धरले तर सुमारे १,०९५ किलो इंधन लागते. विमानाच्या पोटातल्या टाक्यांत साधारण १,४३० लिटर, म्हणजे १,१४५ किलोच्या आसपास मावते. शिल्लक ५० किलो. वारा थोडा वाढला की ही शिल्लकही संपते.

आता वजन. कमाल ५,६७० मधून इंधनाचे १,०९५ वजा केले की ४,५७५. सुसज्ज रिकामे विमान, दोन वैमानिक आणि थंडीत जीव वाचवण्याचे साहित्य मिळून ३,७०० किलो धरले, तर हाती ८७५ किलो उरतात. जाड कपडे आणि सामानासह माणशी ११० किलो धरा : सात प्रवासी आणि शंभरेक किलो टपाल. १९ आसनांचे विमान सात माणसांत भरते ते असे. म्हणून या मार्गावर आसन मिळणे म्हणजे वजन मिळणे. बॅगांचे आणि प्रवाशाचे वजन खरे सांगावे, कडक सूटकेसऐवजी मऊ पिशव्या न्याव्यात. जादा सामान पुढच्या फेरीवर जाईल हे गृहीत धरून औषधे, चष्मा, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि दोन दिवसांचे कपडे अंगाजवळच्या पिशवीत ठेवावेत.

पायरी ८ : हवामानाची पट्टी

इथवरचा हिशेब विमान निघाले तर लागणाऱ्या वेळेचा होता. ते निघेल का, हा मोठा प्रश्न.

उन्हाळ्यात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरात, उघड्या पाण्यावरून धुके आणि खालचे ढग येतात. त्यातल्या गोठणबिंदूखालच्या थेंबांचा थर पंखांवर जमतो. हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असूनही वाऱ्याने उडणारे भुरभुर बर्फ जमिनीलगत सगळे पुसून टाकते. वरून गाव दिसते, उतरायला लागले की धावपट्टी दिसेनाशी होते. ग्रीस फियॉर्डला डोंगरांमधून येणारे झोत आणखी वेगळे : समुद्रावर वारा शांत असताना धावपट्टीवर तो उसळत असू शकतो.

अंधार हाही घटक आहे. ग्रीस फियॉर्डमध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवत नाही. दुपारच्या आसपास संधिप्रकाश असतो, तोही डिसेंबरात अगदी पुसट. डोंगर डोळ्यांनी पाहून उतरायच्या ठिकाणी यामुळे सोयीची वेळ आक्रसते. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत याच्या उलट, सूर्य मावळतच नाही. प्रवास ठरवायला मुभा असेल तर एप्रिल-मे निवडावा : उजेड भरपूर, समुद्र अजून गोठलेला, म्हणून धुके कमी.

कडक थंडीत उंचीमापकही खोटे बोलतो. थंड हवा दाट असते, त्यामुळे यंत्र दाखवते त्यापेक्षा विमान खाली असते. उणे ४० अंशांत, विमानतळापासून १,००० फूट उंची दिसत असेल तर त्यात सुमारे २४० फुटांची दुरुस्ती करावी लागते. सिम्युलेटरवर सराव करणाऱ्यांनी अशा दुरुस्त्यांचा तक्ता शेजारी ठेवावा. डोंगराळ किनाऱ्यावर २४० फूट म्हणजे वाचणे आणि आदळणे यांतले अंतर.

निघण्याच्या आदल्या दिवसापासून दोन्ही विमानतळांचे तासातासाचे हवामान अहवाल पाहावेत. हे अहवाल शोधायचे संकेत : रेझोल्यूटसाठी सीवायआरबी, ग्रीस फियॉर्डसाठी सीवायजीझेड. एकच अहवाल चांगला आहे म्हणून खूश होऊ नये. सलग चार-पाच अहवालांत ढगांची उंची चढते आहे की उतरते आहे हे पाहावे. धावपट्ट्यांची ताजी स्थिती कॅनडा फ्लाइट सप्लिमेंट या विमानतळांच्या माहिती-पुस्तिकेत आणि वैमानिकांसाठीच्या सूचनांमध्ये मिळते.

पूर्ण प्रवास आखताना

ओटावाहून नुनावुतची राजधानी इकालुइत जेटने सुमारे तीन तास. इकालुइतहून रेझोल्यूट १,५७५ किमी, टर्बोप्रॉपने हवेतच तीन तासांहून जास्त, मध्ये थांबा असेल तर त्याचा वेळ वेगळा. मग ट्विन ऑटर. थांबे सोडून नुसती बेरीज केली तर आठेक तास होतात, पण या तिन्ही विमानांचे वार जुळतातच असे नाही. ट्विन ऑटर आठवड्यातून मोजक्याच दिवशी जाते. म्हणून आधी शेवटच्या टप्प्याचे वार पाहा, आणि तिथून मागे येत इकालुइत व ओटावाची तिकिटे काढा. उलट्या क्रमाने तिकिटे काढणारे रेझोल्यूटला अडकतात, आणि तिथे राहण्याच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. उन्हाळ्यात संशोधकांची गर्दी असते, तेव्हा त्याही भरतात. रेझोल्यूटला जाताना आणि येताना दोन-दोन मोकळे दिवस ठेवा. परतीचे आंतरराष्ट्रीय विमान त्याच आठवड्याच्या शेवटी धरू नका. वैद्यकीय कारणासाठी विमान लागले तर नेहमीची फेरी मागे पडू शकते, आणि ते योग्यच आहे.

हीच रीत आणखी एका मार्गावर

सराव म्हणून भारताशी खरा संबंध असलेला मार्ग घ्या. गोव्यात वास्को इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्याच्या देखरेखीखाली स्वालबार्डमधल्या नी-ओलसुंड इथे २००८ पासून ‘हिमाद्री’ हे भारताचे आर्क्टिक संशोधन केंद्र चालते. डिसेंबर २०२३ पासून तिथे भारतीय शास्त्रज्ञांच्या हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या. तिथे पोहोचायचे तर लाँगयिअरबिएनहून छोटे विमान.

लाँगयिअरबिएन ७८.२४६१ उत्तर, १५.४६५६ पूर्व. नी-ओलसुंड ७८.९२७५ उत्तर, ११.८७४३ पूर्व. दोन्ही पूर्व रेखांश, म्हणून उणे चिन्ह नाही. सरासरी अक्षांश ७८.५९, कोसाइन ०.१९७९. रेखांशाचा फरक ३.५९ अंश, म्हणजे ७९ किमी. अक्षांशाचा ०.६८ अंश, म्हणजे ७६ किमी. पायथागोरस लावून ११० किमी, साठ नॉटिकल मैलांच्या जरा खाली. डॉर्नियर २२८ सारखे टर्बोप्रॉप २०० नॉटच्या आसपास जाते असे धरले तर १८ मिनिटे, चढ-उतार मिळवून २५. वेळ एकच असल्याने घड्याळ बदलायचे नाही. नॉर्वे आणि भारत यांच्यात हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो आणि उन्हाळ्यात साडेतीन. रीत तीच, पण इथे पर्यायी विमानतळ, म्हणजे परतीचे लाँगयिअरबिएन, फक्त ११० किमीवर असल्याने इंधनाचा भार हलका होतो आणि आसने जास्त भरता येतात. पायरी ७ चे गणित या मार्गासाठी पुन्हा करून पाहा. प्रवासी किती वाढतात ते दिसले की ग्रीस फियॉर्डच्या फेरीत एवढी कमी माणसे का जातात हे आकड्यांतूनच कळते.